समुद्र ओलांडणाऱ्या पोपटांची शिरगणती

पोपट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो घरचा राघू. पेरूच्या बागेत धाड घालणारा, दाण्यावर आलेल्या ज्वारीची नासधूस करणारा, आणि दिवस मावळला की कलकलाट करीत पिंपळावर मुक्कामाला येणारा. आपल्या बोलण्यातही त्याने ठाण मांडले आहे. न समजता घोकणाऱ्याची आपण पोपटपंची म्हणतो, एखाद्याची फजिती झाली की त्याचा पोपट झाला म्हणतो. पण श्रोतेहो, 'राघू सध्या परमुलखी गेला आहे, थंडी सरली की परत येईल' असे कोणी म्हणताना तुम्ही ऐकले आहे काय? नसणारच. राघू दाण्यापाठोपाठ चार कोस इकडे तिकडे करील, पण मुलूख सोडून जायचा नाही.

जगात पोपटांच्या सुमारे चारशे जाती आहेत, आणि बहुतेकांचा रिवाज हाच. फुले-फळे पाहून भटकणारे पुष्कळ, पण दरसाल ठरल्या ऋतूत समुद्र ओलांडून जायचे आणि ठरल्या ऋतूत परत यायचे, असा नेम पाळणारे पोपट बोटांवर मोजण्याइतकेच. ते आहेत ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यात. त्यांतल्या एकाचे नाव आहे नारंगी पोटाचा पोपट. त्याच्या येण्याजाण्याचा माग लोकांनी कसा काढला, आणि त्या मागातून काय हाती लागले, याची हकिगत आज सांगायची आहे. लोकांनी म्हणजे शास्त्रज्ञांनी तर खरेच, पण त्याहून अधिक ज्यांचा पोटापाण्याचा धंदा दुसराच आहे अशा साध्या माणसांनी.

आधी पक्ष्याची ओळख करून घेऊ. हा पोपट आपल्या राघूच्या निम्म्यानेच लांब, म्हणजे जेमतेम वीस सेंटिमीटर. वजन सुमारे ४५ ग्रॅम. जुन्या मापाने चार तोळेही भरत नाही. पाठ गवतासारखी हिरवीगार, कपाळावर निळी पट्टी, पोट पिवळे आणि त्यावर नारंगी रंगाचा ठिपका. इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ जॉन लॅथम याने १७९० साली त्याला शास्त्रीय नाव दिले. पुढे जॉन गूल्ड हा १८३८ ते १८४० या काळात ऑस्ट्रेलियात येऊन राहिला आणि तेथील पक्ष्यांवरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्याने या पोपटालाही स्थान दिले. नाव मिळाले, चित्र निघाले. पण हा पक्षी बारा महिने असतो कोठे, हे काही त्यातून कळले नाही.

विषुववृत्ताच्या पलीकडे ऋतू उलटे असतात, हे लक्षात ठेवले म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. आपल्याकडे थंडी तेव्हा तिकडे उन्हाळा. त्या उन्हाळ्यात, नोव्हेंबरपासून पुढे, हा पोपट टास्मानिया बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला मेलालुका नावाच्या जागी असतो. तेथे निलगिरीच्या जातीच्या झाडांच्या ढोलीत मादी चार-पाच अंडी घालते. आसपास बटणगवत नावाच्या गवताची माळराने आहेत. त्यांतले बी हा पिल्लांचा खुराक. फेब्रुवारी उजाडला की पक्षी निघू लागतात. आधी मोठे निघतात, मागाहून त्या वर्षीची पिल्ले, आणि त्या पिल्लांना वाट दाखवायला कोणी थांबलेले नसते! टास्मानियाच्या पश्चिम किनाऱ्याने उत्तरेला येऊन, वाटेत किंग बेटावर टेकून, ती सुमारे २४० किलोमीटर रुंदीची बास सामुद्रधुनी ओलांडतात. मग त्यांचा हिवाळा जातो मुख्य भूमीवर, व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या राज्यांच्या किनाऱ्यावरील खाजणांत. आपल्या कोकणच्या खाजणांत उगवतात तशी मांसल पानांची खारट झुडपे तेथे असतात. त्यांच्या बियांवर हे पक्षी दिवस काढतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास पुन्हा समुद्र ओलांडून घरी जातात.

ही सगळी फेरी आज आपण चार वाक्यांत सांगतो. पण ती जुळवायला दोनशे वर्षे लागली. एका टोकाला जो माणूस होता त्याला दुसरे टोक दिसत नव्हते, आणि मधला समुद्र तर कोणालाच काही सांगत नव्हता.

पक्ष्यांच्या स्थलांतराचे कोडे तसे फार जुने आहे. थंडीत दिसेनाशा होणाऱ्या पाकोळ्या बिळांत दडून झोपतात, असे ॲरिस्टॉटलसारख्या पंडितालाही वाटत होते. आपल्याकडे मात्र पावशाने 'पेरते व्हा' म्हटले की मृग जवळ आला, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागले नाही. कोणता पक्षी केव्हा आला, हे लोकांना नेहमीच ठाऊक असते. उणीव असते ती एवढीच की एका गावचे ज्ञान दुसऱ्या गावच्या ज्ञानाला जोडले जात नाही. ते जोडण्याचे उपाय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाले. डेन्मार्कमध्ये मॉर्टेन्सेन नावाच्या शिक्षकाने १८९९ साली साळुंकीच्या जातीच्या पक्ष्यांच्या पायांत पत्ता कोरलेली कडी घालून ते सोडून दिले. दुसऱ्याच वर्षी, १९०० च्या नाताळात, अमेरिकेत फ्रँक चॅपमन याने एक नवीच चाल पाडली. नाताळच्या दिवशी पक्ष्यांची शिकार करण्याऐवजी ते मोजा, अशी त्याने लोकांना हाक दिली. एकाच दिवशी अनेक ठिकाणी अनेकांनी मोजायचे आणि आकडे एका जागी आणायचे, एवढीच ती युक्ती. ऑस्ट्रेलियातही १९०१ साली पक्षिप्रेमींची एक संस्था निघाली. आज बर्डलाइफ ऑस्ट्रेलिया या नावाने चालणारी संस्था तिचीच वारसदार आहे.

आता आपण मेलालुकाला जाऊ. या ठिकाणी आजही गाडीरस्ता नाही. जवळच्या रस्त्यापासून सुमारे ८५ किलोमीटरची पायवाट, नाहीतर लहान विमान, नाहीतर समुद्रमार्गे होडी. पाऊस आपल्या कोकणासारखा. अशा जागी डेनी किंग नावाचा एक माणूस दुसऱ्या महायुद्धानंतर कथलाची खाण चालवायला जाऊन राहिला. १९०९ सालचा त्याचा जन्म, शिक्षण बेताचेच. पण डोळे उघडे ठेवणारा गडी. तो हवामान खात्यासाठी पावसाची नोंद ठेवी, वनस्पतींचे नमुने गोळा करी. विमान उतरायला धावपट्टीसुद्धा त्याने स्वतःच तयार केली. हे हिरवे पोपट दर उन्हाळ्यात आपल्या अंगणात येतात आणि थंडीच्या आधी नाहीसे होतात, हे त्याने वर्षानुवर्षे पाहिले होते. तो त्यांना दाणे घाली. पुढे शास्त्रज्ञ मेलालुकाला येऊ लागले तेव्हा या खाणवाल्यापाशी त्यांना आयती माहिती मिळाली. १९९१ साली तो वारला. आज तेथे पक्षी पाहण्यासाठी बांधलेली निरीक्षणकुटी त्याच्याच नावाने ओळखली जाते, आणि दर उन्हाळ्यात स्वयंसेवक पाळीपाळीने तेथे मुक्काम करून, सकाळ-संध्याकाळ दाण्याच्या फळीवर कोण आले कोण नाही याची नोंद ठेवतात.

हे झाले एक टोक. दुसऱ्या टोकाचे काम अधिक अवघड होते. मेलालुकाला पक्षी एका जागी येतात, खाजणांत ते शेकडो मैलांच्या किनाऱ्यावर विखुरतात. पगारी माणसे लावून एवढा किनारा पाहायचा तर कोणत्या सरकारला परवडणार? म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीस हिवाळी शिरगणती सुरू झाली ती स्वयंसेवकांच्या बळावर. हिवाळ्यातले ठरावीक शनिवार-रविवार नेमून द्यायचे आणि त्याच दिवसांत किनाऱ्यावरच्या जितक्या खाजणांत माणूस पोचेल तितकी पाहून घ्यायची. दिवस एकच असण्यात मर्म आहे. आज इथे दिसलेला पक्षी पुढल्या आठवड्यात तिथे मोजला गेला, तर एकाचे दोन व्हायचे.

काम ऐकायला सोपे, करायला कठीण. पायांत रबरी बूट, अंगावर दक्षिणेचा बोचरा वारा, गुडघाभर झुडपांतून ओळीने चालायचे. पोपट हिरवा, झुडूप हिरवे. तो उडाल्याशिवाय दिसत नाही आणि उडाला की दिसता दिसता जातो. त्यात याच खाजणांत निळ्या पंखांचा पोपट म्हणून त्याचा एक जवळचा भाऊबंद हिंडतो. दुरून दोघांत फरक करणे जाणत्यालाही जड जाते. नारंगी पोटाचा पोपट दचकून उडतो तेव्हा गुणगुणल्यासारखा एक घोगरा आवाज करतो, त्यावरून कान तयार झालेला माणूस त्याला ओळखतो. हा कान पुस्तकाने तयार होत नाही. जुन्या गणकाबरोबर नव्याने हिंडले म्हणजे होतो.

सगळ्यात मोठी परीक्षा धीराची. दिवसभर चिखल तुडवावा आणि पक्षी एकही दिसू नये, असे वारंवार घडते. मग अहवालात लिहायचे काय? आपल्या कचेऱ्यांतून एक शब्द रूढ आहे, 'निरंक'. काही नसेल तरी निरंक अहवाल पाठवावा लागतो. या शिरगणतीत निरंक अहवालाला पोपट दिसल्याच्या अहवालाइतकाच मान आहे. पक्षी कोठे नाही हे कळल्याशिवाय तो कोठे आहे याला अर्थ येत नाही. ज्या खाजणात दहा वर्षांपूर्वी पक्षी दिसत आणि गेली तीन वर्षे निरंक आहे, तेथे काहीतरी बिघडले, हे या कोऱ्या रकान्यावरूनच समजते. एरवी हौशी माणूस जेथे पक्षी हमखास दिसतो तेथेच जातो. येथे लोक वर्षानुवर्षे न दिसणाऱ्या पक्ष्याची हजेरी घ्यायला गेले, हे त्यांचे खरे देणे.

या गणतीने पहिली काही वर्षे काय दाखवले? एक, सारे मिळून पक्षी दोनशेच्या आतबाहेरच उरले आहेत. दोन, त्यांचा हिवाळा मोजक्याच जागांवर अवलंबून आहे. त्यांतली एक तर गमतीची आहे. मेलबर्न शहराचे सांडपाणी जिरवण्यासाठी १८९७ साली वेरिबी येथे मोठी शेती सुरू झाली. लोक नाक मुरडून ज्या जागेला टाळीत, तेथेच किनाऱ्याची खाजणे शाबूत राहिली आणि पोपटांना आसरा मिळाला. खाजण म्हणजे पडीक जमीन, भराव घाला नाहीतर गुरे सोडा, हा समज तिकडेही आपल्यासारखाच. आकडे हाती आले तेव्हा त्या पडीक जमिनीची किंमत कळू लागली. १९८४ साली या पोपटाच्या बचावाची योजना तयार झाली. ऑस्ट्रेलियात एखाद्या पक्ष्यासाठी झालेल्या अशा पहिल्या योजनांत तिची गणना होते. त्याच दशकाच्या मध्यास काही पक्षी पिंजऱ्यांत ठेवून त्यांची वीण वाढवण्यासही सुरुवात झाली.

आकड्यांचे पाय राजकारणातही पोचले. १९९१ साली मेलबर्नजवळ कूड आयलंड येथे रसायनांच्या साठ्याला मोठी आग लागली आणि तो साठा जीलाँगजवळच्या किनाऱ्यावर हलवण्याची योजना पुढे आली. तो किनारा या पोपटाच्या हिवाळी मुलखातला. व्हिक्टोरियाचे मुख्यमंत्री जेफ केनेट यांनी तर हा पक्षी म्हणजे उगाच बडेजाव मिळालेला कॉरेला, अशी त्याची संभावना केली. कॉरेला म्हणजे तिकडे सर्रास दिसणारा पांढरा काकाकुवा. अखेरीस साठा हलला नाही. पुढे २००६ साली उलटा प्रकार झाला. केंद्रीय मंत्री इयन कँबेल यांनी गिप्सलँड भागातला पवनचक्क्यांचा एक प्रकल्प या पोपटाचे नाव पुढे करून अडवला. तेथे शेकडो वर्षांतून एखादा पक्षी पात्यांत सापडेल, असा अहवालातला अंदाज होता! वर्षअखेरीस मंजुरी द्यावी लागली. दोन्ही प्रसंगांतून एक गोष्ट ध्यानात येते. माणसे पक्ष्याचा उपयोग आपापल्या सोयीने करतात. त्यांना जागेवर आणायला प्रामाणिकपणे मोजलेला आकडा जवळ असावा लागतो.

आता या हकिगतीतला दुःखाचा भाग. उन्हाळी नोंद आणि हिवाळी नोंद एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा हिशेब जुळेना. मेलालुकाहून निघाल्याची नोंद असलेले पक्षी किनाऱ्यावर तितके सापडत नव्हते. काही वाटेत मेले असतील, काही कोणाच्या पायाखाली न आलेल्या खाजणांत असतील. प्रत्येक पक्ष्याच्या पायात रंगीत कडे आणि त्यावर अक्षर, अशी सोय झाल्यावर हजेरीपट बरोबर नावानिशी मांडता येऊ लागला. दुर्बिणीतून कड्याचा रंग आणि अक्षर वाचले की हा पक्षी कोण, कोणत्या सालचा, कोणत्या पेटीत जन्मला, हे समजे. आणि त्या पटावर गैरहजेरी वाढतच गेली. २०१० च्या सुमारास रानात जेमतेम पन्नास पक्षी उरले होते. पिंजऱ्यातल्या वंशाला नवे रक्त मिळावे म्हणून काही रानपक्षी धरून आणावे लागले. २०१६ साली मेलालुकाला परतलेल्या पक्ष्यांची संख्या वीसच्याही आत आली, आणि त्यांत माद्या चारदोनच. एका शाळेच्या एका वर्गात याहून अधिक मुले असतात.

कारणे एकच एक नव्हती. खाजणे बुजली, गुरांनी तुडवली, मांजरे-कोल्ह्यांसारखी परकी जनावरे आली. विणीच्या जागीही एक बदल फार पूर्वी घडून गेला होता. मूळ रहिवासी बटणगवताची माळराने ठरावीक अंतराने जाळीत आणि जळल्यानंतर काही वर्षांनी तेथे भरपूर बी येई. १८३० च्या दशकात त्या लोकांना तेथून हलवण्यात आले. जाळण्याचा तो रिवाज मोडला आणि माळरान जुने होत गेले. आज वनखाते पुन्हा नियोजन करून तुकड्या-तुकड्यांनी जाळते. आपल्या डोंगरांवर लागणारा वणवा वेगळा आणि हे जाणीवपूर्वक जाळणे वेगळे, हे येथे सांगितले पाहिजे. पण सर्वांत मोठी गळती होती ती प्रवासातच. पहिल्या फेरीला निघालेल्या पिल्लांपैकी बहुतेक परत येत नव्हती.

हे कळल्यावर उपायांची दिशा ठरली. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी वसंतात मेलालुकाला सोडावेत म्हणजे जोड्या पुऱ्या होतील. काही पक्षी २०१७ पासून हिवाळ्याच्या तोंडावर मुख्य भूमीच्या खाजणांतच सोडले जाऊ लागले. यात अशी कल्पना की समुद्र ओलांडून आलेल्या एकट्या-दुकट्या पोपटाला तेथे सोबत मिळावी, थवा जमावा. काहींच्या शेपटीला चिमुकले रेडिओ लावून त्यांचा माग घेण्याचेही प्रयोग झाले. परंतु रेडिओची घटका थोडी, आणि पक्ष्याला फार ओझे झेपत नाही. तेव्हा खाजणातून चालत जाणाऱ्या माणसाची गरज काही संपलेली नाही. २०२० च्या वसंतात मेलालुकाला ५१ पक्षी परतले, २०२१ साली ७०. ही चढती कमान पिंजऱ्यातून सोडलेल्या पक्ष्यांच्या आधारावर उभी आहे, हे विसरून चालणार नाही. संकट टळले असे म्हणता येत नाही. पण पट मिटला नाही, हेही खरे.

श्रोतेहो, नुसत्या मोजण्याने पक्षी वाचतो काय, असा प्रश्न कोणी करील. नाही वाचत. तीस-चाळीस वर्षे लोक मोजत होते आणि आकडा उतरतच होता. रोज ताप मोजल्याने आजारी माणूस बरा होत नाही, औषध द्यावे लागते. परंतु ताप न मोजता दिलेले औषध कोणत्या कामाचे? पक्षी थोडे होत आहेत, अमुक ऋतूत होत आहेत, अमुक वाटेवर होत आहेत, हे या शिरगणतीवाचून कळले नसते. कळले नसते तर हा पोपट केव्हाच गेला असता, आणि गेला याचाही पत्ता नंतर लागला असता. लॅथमच्या नावापलीकडे काही उरले नसते.

आपल्या देशातही असे काम चालू आहे. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्ष्यांची गणती होते, आणि तळ्यांवर, खाड्यांवर हौशी माणसे वही-दुर्बीण घेऊन जातात. २००७ साली सुरू झालेल्या मायग्रंटवॉच या उपक्रमात चातक पहिल्यांदा कोठे केव्हा दिसला, याच्या नोंदी देशभरातल्या लोकांनी धाडल्या. पावशाची हाक ऐकणारा शेतकरी आणि खाजणातून चालणारा स्वयंसेवक यांत फार अंतर नाही. एकाने ऐकलेले मनात ठेवले, दुसऱ्याने तारीख घालून लिहिले आणि टपालात टाकले, एवढेच.

तेव्हा आपल्या शिवारात, तळ्याकाठी किंवा गच्चीवर बसून कोणी पक्ष्यांची वही ठेवीत असेल, तर त्यात दिसल्या दिवसाबरोबर न दिसल्या दिवसाचीही नोंद असू द्यावी. तारीख, जागा, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात, जरूर पडली तर, निरंक.